द्रवचालित व वायुचालित यंत्रविद्या आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. चिटणिसांनी मला 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. परंतु शिक्षणाचे महत्त्व ज्याला पटलेले नाही असा एकही मनुष्य या सभागृहात असेल असे मला वाटत नाही. तेव्हा पटलेली गोष्ट पुन्हा पटविण्यात आपला वेळ न घेता मी एका विशिष्ट विद्येविषयीच बोलणार आहे. ती विद्या म्हणजे तेलाच्या व हवेच्या दाबाने यंत्रे चालविण्याची विद्या. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेणाऱ्या मुलांना ती 'हायड्रॉलिक्स व न्यूमॅटिक्स' या नावाने शिकवितात. मी अभियंता नव्हे. शालान्त परीक्षा व अध्यापनाचे प्रशिक्षण एवढेच माझे शिक्षण. तथापि माझा पुतण्या हा विषय शिकत असता त्याची पुस्तके मी त्याच्याबरोबर वाचली, प्राध्यापकांच्या परवानगीने दोन दिवस त्याच्या प्रयोगशाळेत बसलो, आणि माझी अशी खात्री झाली की, लोहाराच्या व सुताराच्या घरात जन्मलेल्या मुलाला ही विद्या परकी वाटावी असे तीत काहीही नाही.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांनी भाता पाहिला असेल. काहींनी तो ओढलाही असेल. भात्याचे दोन प्रकार आपल्या देशात चालत आले. एक बकऱ्याच्या सबंध कातड्याचा. त्याच्या तोंडाशी दोन काठ्या शिवलेल्या असत. भाता वर उचलताना हाताने त्या फाकवावयाच्या म्हणजे हवा आत शिरे, आणि दाबताना मिटावयाच्या म्हणजे ती नळीवाटे भट्टीत जाई. दुसरा प्रकार फळ्यांचा व घडीच्या चामड्याचा. त्याच्या फळीला भोक असे व भोकावर आतल्या बाजूने चामड्याची झापड. फळी उचलली की झापड आपोआप उघडे, दाबली की आपोआप बसे. पहिल्या भात्यात झडप म्हणजे मनुष्याचा हात होता. दुसऱ्यात हवाच आपली वाट उघडू व मिटू लागली. तंत्रनिकेतनाच्या पुस्तकात 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' म्हणून एक प्रकरण आहे. एका बाजूने वाहू देणारी व उलट दिशेने अडविणारी ती झडप. प्राध्यापकांनी तिची आकृती फळ्यावर काढली तेव्हा मला ती झापडच समोर दिसली. आज तिच्या जागी पोलादी गोळी व स्प्रिंग आहे, एवढाच फरक. दोन भाते आलटूनपालटून चालविले म्हणजे जाळ अखंड राहतो, हेही आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. पंपात एकाऐवजी अनेक दट्टे पाळीपाळीने का चालवितात, याचे कारण त्याहून निराळे नाही.

हे मी पूर्वजांचा बडेजाव करण्यासाठी सांगत नाही. आपल्या पूर्वजांनी सर्व काही शोधून ठेवले होते असे भाषण करणारे पुष्कळ असतात व त्याने एकाही मुलाचे गणित सुटत नाही. भाता ओढणाऱ्याच्या हाताला दाब कळत होता, परंतु तो किती, हे त्याला मोजता येत नव्हते. जे हाताला कळते ते मोजून कागदावर आणणे, हेच महाविद्यालयात शिकावयाचे असते.

आता मोजण्याकडे वळू. फ्रान्स देशात ब्लेझ पास्काल नावाचा विद्वान होऊन गेला; जन्म १६२३, मृत्यू १६६२. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेला आहे. त्यावरून एक विलक्षण गोष्ट निघते. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला, तर त्याच द्रवाला भिडलेल्या मोठ्या दट्ट्यावर क्षेत्रफळाच्या प्रमाणात मोठा जोर मिळतो. पास्कालचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. परंतु या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडात घेतले गेले ते १७९५ साली. मध्ये एकशे बत्तीस वर्षे गेली. नियम छापलेला होता, मग यंत्र का झाले नाही? मुख्य अडचण गळतीची होती. दाब वाढू लागला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर येई; कडेचे सारण घट्ट आवळावे तर दट्ट्याच हलेनासा होई.

हे पेटंट ज्याने घेतले तो जोसेफ ब्रामा हा शेतकऱ्याचा मुलगा होता व सुतारकामात त्याने उमेदवारी केली होती. त्याच्या कारखान्यात हेन्री मॉडस्ले नावाचा एक तरुण होता. हा वुलिचच्या शस्त्रागारात लोहाराच्या भट्टीवर हात तयार करून आलेला. गळतीवरचा उपाय या मॉडस्लेने सुचविला असे मानतात. उपाय म्हणजे चामड्याचे कडे, आतून वाटीसारखे वळविलेले. पाणी त्या वाटीत शिरे आणि तिची कड दट्ट्यावर दाबून धरी. जितका दाब अधिक तितकी कड अधिक घट्ट, आणि दाब उतरला की ती आपोआप सैल पडून दट्ट्या परत येण्यास मोकळा. गळती करणाऱ्या पाण्यालाच गळती रोखण्याच्या कामी लावले! आज चामड्याच्या जागी रबर व पॉलियुरेथेन आले, परंतु जेसीबी यंत्राच्या दट्ट्यावरील सील कापून पाहिले तर तीच वाटी दिसते. पास्कालची थोरवी यत्किंचितही कमी न करता मी असे म्हणेन की, त्याचा नियम कामास लागण्यासाठी एका सुताराची व एका लोहाराची वाट पाहावी लागली. आपल्या मुलांना हा इतिहास कोणी सांगत नाही. परीक्षेत तो विचारीत नाहीत.

मुलांचा जेथे हटकून गोंधळ होतो ती गोष्ट आता सांगतो. 'दाब कोण उत्पन्न करतो?' असे प्राध्यापकांनी वर्गात विचारले असता बहुतेक मुलांनी 'पंप' असे उत्तर दिले. प्राध्यापक म्हणाले, "नाही. पंप फक्त तेल पुढे ढकलतो. त्या तेलाला कोणी अडविले तर दाब उत्पन्न होतो." हे वाक्य प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. परंतु अंगणातील नळाला रबरी नळी लावा. तोंड मोकळे असताना पाणी संथ पडते. अंगठ्याने ते अर्धे दाबा म्हणजे धार लांब जाते. नळाने अधिक काही दिलेले नाही, अडथळा आपल्या अंगठ्याचा आहे. त्याचप्रमाणे यंत्रातील तेलावर जेवढे ओझे येईल तेवढाच दाब चढतो. ओझे नसेल तर पंप फिरत असूनही दाबमापकाचा काटा जेमतेम हलतो. आणि ओझे अतोनात झाले तर? तर काहीतरी फुटेल. म्हणून प्रत्येक यंत्रात एक सुरक्षा-झडप ठेवतात. ठरविलेल्या दाबापलीकडे गेले की ती उघडून तेल टाकीत परत सोडते. ज्या मुलाला हे एक तत्त्व कळले त्याला या विषयाचा अर्धा भाग कळला.

उरलेला अर्धा भाग दोन लहान हिशेबांत आहे. पन्नास मिलिमीटर व्यासाचे नळकांडे घेतले तर त्यातील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. कारखान्यातील हवा साधारण ६ बार दाबाची असते. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाहून किंचित अधिक. तेव्हा हवेवर हा दट्ट्या सुमारे १२० किलो वजनाइतका जोर देईल. तेच नळकांडे तेलावर १०० बार दाबाने चालविले, आणि तेलाच्या यंत्रांत हा दाब काही मोठा नव्हे, तर जोर सुमारे दोन टन होतो. हा जोराचा हिशेब झाला. दुसरा वेगाचा. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल तर हाच दट्ट्या सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकेल. आता नळकांड्याचा व्यास दुप्पट करा. क्षेत्रफळ चौपट होते, त्याच दाबाने जोर चौपट मिळतो, परंतु त्याच पंपावर वेग चौथाईवर येतो. जोर दाबावर व क्षेत्रफळावर, वेग प्रवाहावर व क्षेत्रफळावर. दट्ट्या परत येताना एका बाजूस दांड्याने जागा अडविलेली असते, म्हणून परतीचा वेग अधिक व जोर कमी, हेही त्यातूनच निघते. यात शालेय गणितापलीकडे काय आहे? वर्तुळाचे क्षेत्रफळ ज्या मुलाने समजून काढले असेल त्याला येथे अडण्याचे कारण नाही. ज्याने सूत्र घोकले असेल तो येथेही घोकतो.

मग तेल कोठे व हवा कोठे? तेल जवळजवळ दबतच नाही. शंभर बारला त्याचे आकारमान एक टक्कासुद्धा कमी होत नाही. म्हणून तेलावरचा दट्ट्या जेथे थांबवावा तेथे थांबतो, व मोठे ओझे तोलून धरतो. ट्रॅक्टरची अवजारे उचलणारी लिफ्ट, मातीची ट्रॉली उलटविणारा जॅक, साखर कारखान्यात चरकाच्या वरच्या रुळावर ठेवलेला भार, ही सारी तेलाची कामे. हवा दबते, स्प्रिंगसारखी उसळी घेते. तिच्यावरचा दट्ट्या चपळ परंतु अधीर. हलके उचलणे, पकडणे, ढकलणे, पुड्या बांधणे अशी झटपट कामे तिची. तिचा वेग आवरावयाचा तर आत येणारी हवा न रोखता बाहेर जाणारी रोखावी, म्हणजे दट्ट्या धक्के न देता सरकतो. एक गोष्ट मात्र पुस्तकात एका ओळीत येते आणि कारखान्यात रोज नुकसान करते. हवा फुकट आहे, दाबलेली हवा फुकट नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी साधारण दहा-पंधरा टक्केच शेवटी कामाला येते. ज्या कारखान्यात जेवणाच्या सुटीत 'सुऽऽ' असा आवाज ऐकू येतो तेथे मालकाचे पैसे भोकावाटे जात असतात. शिवाय हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. टाकीच्या तळाची चावी उघडून ते नित्य काढावे लागते.

प्रयोगशाळेत खाचा पाडलेला एक उभा पाट होता. त्यावर लहान नळकांडी, झडपा व बोटाएवढ्या निळ्या नळ्या बसवून मुले जोडणी करीत होती. पाच तोंडे व दोन अवस्था असलेली झडप मी तेथे प्रथम पाहिली. एका तोंडाने हवा येते, दोन तोंडे नळकांड्याच्या दोन टोकांना जातात, दोन वापरलेली हवा बाहेर सोडतात. तिचे चिन्ह म्हणजे शेजारी-शेजारी दोन चौकोन. एक चौकोन म्हणजे एक अवस्था. पुष्कळ मुले हे चिन्ह रांगोळीसारखे पाठ करतात व पेपरात सुबक काढतात. मात्र त्या पाटापाशी दोन मुली होत्या. आकृती काढण्यापूर्वी त्या बोटाने हवेची वाट दाखवीत एकमेकींना विचारीत होत्या, "अगं, आता हवा कुठून येईल? आणि आधीची जाईल कुठून?" त्यांची जोडणी पहिल्या खेपेस चालली. शिक्षक म्हणून चाळीस वर्गांत जे पाहिले तेच तेथे पाहिले.

आणखी एक प्रश्न प्रत्येक जोडणीविषयी विचारावा असे प्राध्यापकांनी सांगितले, व मला तो सर्वांत मोलाचा वाटला : हवा अथवा वीज अचानक गेली तर दट्ट्या कोठे जाईल? आगगाडीच्या ब्रेकचा इतिहास हेच सांगतो. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात इंजिनाकडून हवा सोडली की ब्रेक लागत. परंतु मध्येच नळी तुटली तर ब्रेकच जात. १८७२ साली त्याने सारी योजना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी ठेवली, मुख्य नळीत दाब असेल तोवर ब्रेक मोकळे, आणि दाब उतरला की टाकीतील हवेने ते लागावयाचे. आता नळी तुटली तर गाडी आपण होऊन थांबू लागली. आपल्या रेल्वेवर पुष्कळ वर्षे निर्वात ब्रेक होते. त्यांची मर्यादा अशी की, हवा कितीही शोषून काढली तरी वातावरणाच्या दाबाहून, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोहून अधिक जोर मिळावयाचा नाही. नंतर आलेल्या हवेच्या ब्रेकच्या मुख्य नळीत हाच आकडा ५ किलो आहे. आपण एस. टी. थांबताना 'फुस्स' असा जो आवाज ऐकतो तो ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचाच.

येथे उपस्थित असलेल्या तरुणांना, विशेषतः गॅरेजात व जेसीबीवर काम करणाऱ्यांना, एक कळकळीची सूचना आहे. तेलाच्या होसला टाचणीएवढे भोक पडले असेल तर ते हाताने चाचपून पाहू नका. त्यातून निघणारी बारीक धार कातडी भेदून तेल शरीरात घुसविते. जखम डास चावल्यासारखी दिसते, प्रारंभी फारशी दुखतही नाही, आणि म्हणून मनुष्य फडके बांधून कामास लागतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. भोक शोधावयाचे तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. आणि धार लागलीच तर तत्काळ रुग्णालय गाठून 'दाबाचे तेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उचललेल्या ट्रॉलीखाली लाकडी किंवा लोखंडी टेकू दिल्यावाचून कोणीही शिरू नये. ती ट्रॉली केवळ तेलाच्या आधारावर उभी असते व एक होस फुटणे पुरे होते. संध्याकाळी काम सुटल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरील धूळ उडविण्याची खोडही सोडावी. ही माहिती ज्याला अभ्यासक्रमात मिळते तो सुदैवी. आपल्यातील पुष्कळ मुले हाताखाली काम करीत शिकतात, त्यांना ती कोणी देत नाही.

आता ज्यासाठी हे सारे बोललो त्याकडे येतो. गेल्या वर्षी दहावीला चांगले गुण मिळालेल्या एका मुलाच्या वडिलांना मी तंत्रनिकेतन सुचविले. ते म्हणाले, "गुरुजी, बापजाद्यांनी भट्टीपुढे हात काळे केले. मुलानेही तेलकटच हात करायचे का?" त्यांच्या बोलण्यातील दुःख मला समजते. भट्टीपुढचे काळे हात हे केवळ कष्टाचे चिन्ह नव्हते. गावाने आपल्याला पायरीबाहेर उभे केले त्याचीही ती आठवण आहे. म्हणून मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. पदविका घेतलेल्या मुलाचा प्रारंभीचा पगार बेताचा असतो, पुष्कळदा नोकरी कंत्राटी असते, हात तेलकट होतात हेही खरे. परंतु दुसरी बाजूही त्यांच्यापुढे ठेवली. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन चार वर्षे अर्ज करीत बसलेली मुले आपल्या ज्ञातीत किती आहेत, हे येथे बसलेल्या प्रत्येक पालकास ठाऊक आहे. याउलट बंद पडलेल्या यंत्रापुढे उभा राहून 'पंप ठीक आहे, दाब चढत नाही, म्हणजे तेल कोठेतरी परत जात आहे' असे जो सांगू शकतो त्याला मालक खुर्ची देतो. वडिलांच्या व त्याच्या हातांत फरक काळेपणाचा नाही. तो नेमके काय बिघडले आहे हे कागदावर लिहून देऊ शकतो, व त्या कागदाचे पैसे मागू शकतो. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट उघडी असते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून पदविकेकडे जाण्याचीही आहे.

असे असता आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या नियमात 'पदवी अभ्यासक्रमाचा विद्यार्थी' असे शब्द आहेत. त्यामुळे आज ज्यांचा गौरव झाला त्यांत तंत्रनिकेतनाचा अथवा प्रशिक्षण संस्थेचा एकही विद्यार्थी नाही. तसे विद्यार्थी आपल्यात नाहीत म्हणून नव्हे, नियमात त्यांना जागा नाही म्हणून. लोहार-सुतारांच्या मंडळाने यंत्रविद्या शिकणाऱ्या मुलास आपल्या शिष्यवृत्तीबाहेर ठेवावे हे मला बरे दिसत नाही. 'पदवी, पदविका व औद्योगिक प्रशिक्षण' अशी दुरुस्ती मी लेखी दिली आहे. ती येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी अशी कार्यकारिणीस विनंती आहे. निधी वाढणार नसेल तर आहे त्यातूनच वाटणी करावी. रक्कम थोडी आली तरी चालेल, वह्या-पुस्तकांचा व एस. टी.च्या पासाचा खर्च निघाला तरी या मुलांना पुष्कळ आहे.

दुसरी विनंती ज्यांचे कारखाने अथवा गॅरेज आहेत त्यांना. निकामी झालेले एखादे नळकांडे, पंप, झडप भंगारात किलोवर घालण्यापूर्वी मंडळाकडे पाठवा. ते मधोमध कापून, आतले दट्टे व सील दिसतील असे करून, या सभागृहाच्या मागच्या खोलीत मांडू. सुटीच्या दिवशी आठवी-नववीची मुले येऊन हात लावून पाहतील. कापून देण्याचे काम माझ्या पुतण्याने पत्करले आहे. आणि कोणाच्या माळ्यावर जुना भाता पडून असेल तर तोही द्यावा. त्याची झापड वाळून गेली असेल तर चामडे मी आणून देईन, बसविणारे हात मात्र आपल्यातील वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी द्यावयास हवेत.